पीक बदलले, कूळ तेच राहिले : उचगाव शिवारातल्या चार गुंठ्यांवरील कोबीवर्गीय भाज्यांचे प्रकरण

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की हिंडलगा आणि सुळगा ओलांडून उचगावच्या शिवारात पोहोचेपर्यंत जमिनीचा रंग पालटलेला असतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूरकडची काळी, चिवट, भातानंतर मसूर पिकवणारी जमीन मागे राहते आणि तांबडी, पाणी लवकर सोडणारी माती लागते. पश्चिमेला सरकावे तसा पाऊस वाढत जातो, आणि वर्षानुवर्षांचा हा पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, म्हणून या पट्ट्यातल्या पुष्कळ जमिनी आम्लधर्मी आहेत. आमच्या पहिल्या वर्षीच्या नुकसानीचे एक मूळ या गोष्टीत होते, आणि ते आम्हाला ठाऊक नव्हते.

मे २०२२ मध्ये आम्ही तीन घरांनी मिळून या शिवारात चार गुंठे जमीन वार्षिक खंडाने घेतली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. विकण्यासाठी काही पिकवायचे नव्हते. तिन्ही घरांना थंडीच्या दिवसांत कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि मुळा स्वतःच्या हातचा मिळावा, एवढाच हेतू होता. जमिनीला पूर्वेकडे हलका उतार आहे. वहीत नोंद ठेवण्यासाठी मी तिचे एकेका गुंठ्याचे चार तुकडे पाडले आणि त्यांना वरचा, विहिरीकडचा, मधला आणि खालचा अशी साधी नावे दिली. पुढचे सगळे प्रकरण या चार नावांवर चालते.

पहिल्या पावसाळ्यात वरच्या तुकड्यात मिरची आणि विहिरीकडच्या तुकड्यात घेवडा केला. मधल्या आणि खालच्या तुकड्यांत पुसा चेतकी जातीचा मुळा पेरला. तो चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघतो, उन्हाळी-पावसाळी हवामानातही पोसतो, आणि आमचाही चांगला पोसला. मुळा काढून झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये, खालच्या गुंठ्यात एकाच दिवशी कोबीची तीनशे रोपे लावली. मधल्या गुंठ्यात फ्लॉवरच्या दोन खेपा आणि कडेने नवलकोल लावला. एक पीक काढले, दुसरे लावले, म्हणजे फेरपालट झाली, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर खालच्या तुकड्यात कोबीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या. आधी वाटले की पाणी कमी पडते आहे, म्हणून पाइपाने वरून भरपूर पाणी मारले. मग वाटले की खत कमी पडले आहे, म्हणून युरियाचा एक हप्ता जास्त दिला. त्यानंतर ओळखीच्या दुकानातून आणलेले बुरशीनाशक दोनदा फवारले. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींनी रोग वाढवला आणि तिसरीने काही बिघडवले नाही, पण काही साधलेही नाही. जानेवारीपर्यंत निम्म्याहून अधिक कोबी गेला होता. जो वाचला तो सगळा एकाच आठवड्यात तयार झाला. सत्तरएक गड्डे तीन घरांनी किती खायचे? शेजारीपाजारी वाटूनही जे शेतात उभे राहिले ते पाणी दिल्यावर तडकले.

फ्लॉवरचे दुःख वेगळे होते. पहिली खेप गुडघ्यापर्यंत वाढली, निळसर हिरव्या पानांनी डवरली, आणि फेब्रुवारी आला तरी तिने फूल धरले नाही. दुसऱ्या खेपेने फूल धरले, पण ते लावणीनंतर महिन्याभरातच आणि लिंबाएवढे. त्याच्यापुढे ते वाढलेच नाही. पहिल्या खेपेतली काही झाडे तर विचित्रच दिसत होती. त्यांच्या कोवळ्या पानांना पातेच नव्हते, नुसती मधली शीर वाकडीतिकडी होऊन उंदराच्या शेपटीसारखी वर आली होती.

शेजारच्या शेतातले एक वयस्कर शेतकरी रोज संध्याकाळी बांधावरून जाताना थांबत. जानेवारीत त्यांनी खालच्या तुकड्यातले एक रोप उपटून देठ आडवा कापला आणि माझ्यासमोर धरला. पांढऱ्या गाभ्याभोवती काळ्या ठिपक्यांचे कडे उमटले होते, जणू कोणी सुईने टोचून शाई भरली आहे. मग त्यांनी एक पान उचलले. पिवळेपणा पानाच्या कडेला रुंद होता आणि आत शिरेकडे निमुळता होत गेला होता, म्हणजे टोक मधल्या शिरेकडे असलेला त्रिकोण तयार झाला होता, आणि त्या त्रिकोणातल्या बारीक शिरा काळ्या पडून जाळीसारख्या दिसत होत्या. ते म्हणाले, “ताई, मुळा काढलासा आन् कोबीज लावलासा, म्हणजे घर तेच राहिलं की.”

मला आजही वाटते की या प्रकरणाचे निदान त्या एका वाक्यात झाले. बाकीचे आम्ही नंतर वाचून, विचारून आणि मोजून भरले.

हा रोग म्हणजे घाण्या. तो झान्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो, बुरशीमुळे नाही, म्हणून बुरशीनाशकाचा त्यावर उपाय चालला नाही. पानाच्या कडेला पाणी बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे असतात. पहाटे कोबीच्या पानांच्या कडांना थेंबांची रांग दिसते ती तिथूनच येते. ऊन चढले की त्यातले काही पाणी पुन्हा आत ओढले जाते आणि जिवाणू त्या वाटेने शिरेत शिरतो. पिवळा त्रिकोण कडेपासून सुरू होतो तो यामुळे. पावसाच्या थेंबाने, वरून मारलेल्या पाण्याने, ओल्या झाडांना लागलेल्या हाताने आणि खुरप्याने तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. तो बियाण्यातून येतो, आणि रोगट झाडांचा पालापाचोळा मातीत पूर्ण कुजेपर्यंत त्यात टिकून राहतो. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली, मुळा, मोहरी ही सगळी त्याची घरे आहेत, कारण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती एकाच मोहरी कुळातली आहेत. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल तर एकाच जातीचे प्रकार आहेत. माणसाने एकाचे पान निवडले, दुसऱ्याचे फूल आणि तिसऱ्याचे खोड, एवढाच फरक. तिघांचीही फुले चार पाकळ्यांची आणि शेंगा सारख्याच.

चौकशी केल्यावर कळले की आमच्या आधी ज्यांनी ही जमीन कसली त्यांनी २०२१च्या थंडीत खालच्या तुकड्यात मोहरी केली होती. म्हणजे त्या एका गुंठ्यात मोहरी, मग मुळा, मग कोबी अशी एका कुळाची तीन पिके पाठोपाठ आली. पिकांची नावे बदलत होती, पानांचे आकार बदलत होते, पण रोगाच्या दृष्टीने ते तीन हंगाम चाललेले एकच पीक होते. भर म्हणजे मुळ्याचा पाला आम्ही तिथेच मातीत गाडला होता, उतारामुळे पावसाचे पाणी त्याच तुकड्यात थांबत होते, आणि पहाटेच्या दवात भांगलण करायची आमची सवय होती, कारण कामावर जाण्याआधीचा तेवढाच वेळ आम्हाला मोकळा असे.

मधल्या तुकड्यातल्या फ्लॉवरच्या दोन खेपांना आम्ही “फूल धरले नाही” असे एकच नाव दिले होते. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या उलट असलेले दोन दोष होते आणि ते वेगळे केल्याशिवाय पुढची आखणी शक्य नव्हती.

पहिल्या खेपेचे बी आमच्यातल्या एका घरच्या नातेवाइकाने हिमाचलातून आणले होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या या शहरात उत्तरेतून सुटीवर येणारा जवान काहीतरी विशेष घेऊन येणारच, आणि आम्ही ते मोठ्या कौतुकाने पेरले. पुडीवर पुसा स्नोबॉल लिहिले होते. स्नोबॉल हा उशिराचा गट आहे. त्याला गड्डा धरण्यासाठी साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस तापमान सलग मिळावे लागते. कुल्लू खोऱ्यात ते मिळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असले, तरी इथल्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटाच तेवढ्या गार असतात. दुपारी पारा पुन्हा २८-२९ अंशांवर जातो. झाडाला थंडीचा निरोप पोहोचलाच नाही, म्हणून ते पाने काढत राहिले, आणि आमच्या जादा युरियाने त्याला त्या कामी मदतच केली.

इथे थोडे विषयांतर करते, कारण ते उपयोगाचे आहे. फ्लॉवर भारतात १८२२ मध्ये सहारनपूरच्या बागेत आला. पुढच्या शंभरएक वर्षांत उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी उन्हा-पावसात तगणाऱ्या झाडांचे बी राखत राखत त्यातून एक वेगळा देशी गट घडवला. हा लवकरचा गट २० ते २७ अंशांत फूल धरतो. दख्खनच्या पठारावर फ्लॉवर पिकवता येतो तो त्या अनाम शेतकऱ्यांच्या निवडीमुळे. त्यांचे हे काम डोळ्यांसमोर असते, तर बर्फाळ खोऱ्यातल्या पुडीचे आम्हाला एवढे अप्रूप वाटले नसते.

दुसऱ्या खेपेची रोपे एका रोपवाटिकेतून आयत्या वेळी आणली होती. जात लवकरच्या गटातली, म्हणजे योग्य होती, पण रोपे जून होती. देठ लाकडासारखा टणक, खालची दोन पाने गळालेली, मुळे ट्रेच्या खळग्यात गोल फिरून घट्ट झालेली. ती दीड महिन्याहून जास्त दिवसांची असावीत. एवढे जून झालेले रोप लावले की पाने वाढवायला त्याच्याजवळ वेळच उरत नाही. वयात आलेले असल्याने ते हाती असलेल्या चार पानांच्या बळावर फूल धरते आणि ते बटणाएवढेच राहते. रोप घेताना आम्ही उंची पाहिली आणि वय विचारले नाही.

शेपटीसारखी पाने हा तिसरा मुद्दा, आणि त्याने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. मार्च २०२३ मध्ये चारही तुकड्यांतून वितभर खोल खड्डे करून मातीचे नमुने घेतले आणि कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रामार्फत तपासणीला दिले. आरोग्यपत्रिका कन्नडमध्ये आली. शेजारच्या घरातल्या मुलीने ती शब्दशः वाचून दाखवली आणि मी मराठीत वहीत उतरवून घेतली. मधल्या आणि खालच्या तुकड्यांचा सामू (पीएच; तो सातापेक्षा जितका कमी, तितकी माती आम्ल) ५.३ होता, वरच्या दोन्हींचा ५.६. बोरॉन कमी होते. पण पत्रिकेतल्या बारा रकान्यांत मॉलिब्डेनम या सूक्ष्म अन्नद्रव्याचा रकानाच नसतो. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब यांवर ती संपते. फ्लॉवरच्या पानाचे पाते नाहीसे होऊन शेपटी उरते ती मॉलिब्डेनमच्या कमतरतेने, आणि सामू साडेपाचाच्या खाली गेला की मातीत असलेले मॉलिब्डेनमही मुळांना मिळेनासे होते. म्हणजे जे पत्रिकेत लिहिलेले नव्हते ते सामूच्या आकड्यावरून आणि पानाकडे पाहूनच ओळखायचे होते. आमच्याकडच्या तांबड्या जमिनीत फ्लॉवर करणाऱ्या प्रत्येकाने एवढे जरूर लक्षात घ्यावे, असे मी आवर्जून सांगते, कारण हा दोष विषाणूचा रोग समजून औषधांवर पैसे घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

मे २०२३ मध्ये आम्ही तिन्ही घरे एकत्र बसलो आणि लावणीच्या तारखेपासून पुढे नव्हे, तर ताटापासून मागे मोजायला सुरुवात केली. तीन घरांना आठवड्याला प्रत्येकी दोन, म्हणजे सहा गड्डे लागतात. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत साधारण बारा आठवडे, म्हणजे बहात्तर गड्डे. किडीरोगाची आणि पाहुण्यारावळ्यांची निम्मी भर धरली तरी एकशे आठ रोपे पुरेत. आदल्या वर्षी आम्ही तीनशे लावली होती. दीड फूट बाय दीड फूट अंतर धरले, तर एकशे आठ रोपांना पाव गुंठाही लागत नाही. तीनशे रोपांची गर्दी करून आम्ही जागा, पाणी आणि श्रम खर्चले होते, आणि रोगाला एकाला एक लागलेली झाडे आयती दिली होती.

एकशे आठ रोपांचे सहा हप्ते केले. दर पंधरा दिवसांनी अठरा. गोल्डन एकर जातीच्या कोबीला बी टाकल्यापासून लावणीपर्यंत चार आठवडे आणि लावणीनंतर सुमारे पासष्ट दिवस लागतात, म्हणजे एकूण त्र्याण्णव दिवस. संक्रांतीला गड्डा हवा असेल, तर बी ऑक्टोबरच्या १३ तारखेच्या आसपास पडायला हवे. पहिला हप्ता उत्तरा नक्षत्र लागताना, सप्टेंबरच्या मध्यावर टाकायचा, म्हणजे हस्ताचा पाऊस रोपे आडोशाखाली असताना निघून जातो आणि लावण चित्रात होते. फ्लॉवरचे बी मात्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात टाकायचे ठरले. जात पुसा दीपाली, म्हणजे लवकरच्या गटातली. पंचवीस ते तीस दिवसांचे, चार-पाच पानांचे रोप झाले की लावायचे, आणि काही कारणाने पाच आठवडे उलटले तर ते रोप मोह न धरता टाकून द्यायचे. नवलकोल आणि मुळा यांचे फार आखावे लागत नाही. थोडे थोडे दर पंधरवड्याला पेरले आणि नवलकोल मुठीएवढा असताना काढला, तर तो दोर धरत नाही, आणि पाला भाजीला होतो तो वेगळाच.

आता जागा. चार वर्षांचे चक्र ठरवले. एका वर्षी एकाच तुकड्यात मोहरी कुळ, आणि त्या कुळातले काहीही त्या वर्षी दुसऱ्या तुकड्यात जायचे नाही. मुळ्याची एक ओळसुद्धा नाही, फोडणीपुरती मोहरीसुद्धा नाही. उरलेल्या तीन तुकड्यांत अनुक्रमे वाटाणा-घेवडा, बटाटा-मिरची आणि कांदा-रताळे फिरत राहणार. पहिले वर्ष वरच्या तुकड्याला, कारण तिथे कुळातले काही आल्याची आठवण कोणालाच नव्हती, आणि उताराचे पाणी तिथून खाली जाते, खालून वर येत नाही. त्यानंतर विहिरीकडचा, मग मधला, आणि सर्वांत शेवटी २०२६ मध्ये खालचा. त्याला अशी मधली तीन वर्षे विश्रांती मिळते. रोगट पाला तोवर पुरता कुजून जातो.

मातीसाठी मे महिन्यातच गुंठ्याला वीस किलो बारीक दळलेली चुनखडी पसरून कुळवाने मिसळली. चुनखडी हळूहळू काम करते, म्हणून ती पावसाच्या आधी पडलेली बरी. लावणीच्या वेळी मोहरी कुळाच्या तुकड्यात शंभर ग्रॅम बोरॅक्स आणि दहा ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट बादलीभर बारीक शेणखतात कालवून सारखे पसरले. ही मापे एका गुंठ्याची आहेत आणि ती तराजूवरच घ्यावीत. बोरॉन अंदाजाने जास्त पडले, तर पुढच्या वर्षी त्याच जागी येणारा घेवडा करपतो.

बियाण्याला गरम पाण्याची प्रक्रिया केली. कोबीचे बी ५० अंशांच्या पाण्यात पंचवीस मिनिटे, फ्लॉवरचे आणि नवलकोलचे वीस मिनिटे, मग लगेच गार पाण्यात आणि सावलीत वाळवण. हे काम मी स्वयंपाकघरात केले, म्हणून त्यातली अडचण सांगते. पातेल्यातले पाणी गॅसवर एकसारखे ५० अंशांवर राहत नाही. ते ४७ वर उतरते आणि ज्योत वाढवली की ५४ वर उडी मारते, आणि एवढ्या फरकाने एकतर जिवाणू वाचतो किंवा बी मरते. शेवटी मोठा थर्मास वापरला. त्यात आधी गरम पाणी फिरवून तो तापवला, ५१ अंशांचे पाणी भरले, बियांची मलमलची पुरचुंडी दोऱ्याने आत सोडली आणि तापमापक लावून बसले. वीस मिनिटांत पारा एका अंशाहून जास्त उतरला नाही. औषध चोळलेल्या रंगीत बियाण्याला ही प्रक्रिया करू नये.

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी हा कोबीचा नेहमीचा शत्रू. बोटाएवढ्या जागेत पाच-सहा हिरव्या, सुईएवढ्या अळ्या पानाखाली खरवडत असतात आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवतात, त्यामुळे पानाला काचेच्या खिडक्या पडल्यासारखे दिसते. हात लावला की त्या मागे सरपटतात आणि धाग्याला लोंबकळतात. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेने यासाठी मोहरीचा सापळा सुचवला आहे. कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लावणीच्या पंधरा दिवस आधी पेरलेली आणि दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी, आणि जोडीला चार टक्के निंबोळी अर्काची फवारणी. पतंग अंडी घालायला मोहरीकडे जातो. आमच्या पाव गुंठ्याला दोन्ही कडांना एकेक ओळ पुरली. यात एक पेच होता, आणि त्यावर आमच्यात बराच वाद झाला. मोहरी कुळातलीच, म्हणजे किडीचा सापळा लावताना रोगाचे घर बांधल्यासारखे होणार होते. तोडगा असा काढला की सापळ्याची मोहरी त्याच वर्षीच्या तुकड्याच्या आत पेरायची, तिच्यावर दर आठवड्याला नजर ठेवून निंबोळी अर्क मारायचा, आणि फुलावर येताच उपटून शेताबाहेर न्यायची. शेंग धरू द्यायची नाही. सापळा लावून त्याच्याकडे पाहिलेच नाही, तर तिथे अळ्यांची आणि माव्याची पैदास होते.

कामाच्या रीतीही बदलल्या. पाणी सरीतून, वरून नाही. भांगलण दव उतरल्यावर, मग ती रविवारवर ढकलावी लागली तरी चालेल. खुरपे आधी निरोगी तुकड्यात, शेवटी खालच्या तुकड्यात. आदल्या वर्षीच्या रोगट कोबीचा खड्ड्यात टाकलेला पाला तोवर अर्धवट कुजला होता, आणि मे महिन्यात तो खत म्हणून चारही तुकड्यांत पसरण्याच्या आम्ही अगदी बेतात होतो. वही चाळताना ते ध्यानात आले. ते खत शहरातल्या परड्यात केळींच्या बुडाशी घातले.

२०२३-२४च्या हंगामात वरच्या तुकड्यातून ब्याण्णव गड्डे घरात आले. फ्लॉवरची फुले पांढरी आणि घट्ट निघाली, शेपटीचे पान एकही दिसले नाही, घाण्या कुठेच आढळला नाही. सहावा हप्ता मात्र फसला. फेब्रुवारीच्या उन्हात गड्डे सैल राहिले आणि अळीही त्याच महिन्यात सर्वांत जास्त होती, म्हणून पुढच्या वर्षीपासून तो हप्ता काढून टाकला. घरातली मंडळी या यशावर खूश होती, पण मला त्याचे श्रेय आखणीला द्यायचा धीर झाला नाही. २०२३ मध्ये कर्नाटकात पाऊस कमी पडला होता. घाण्या ओलीवर जगतो, त्यामुळे कोरड्या वर्षात तो दिसला नाही, तर त्याने आमची फेरपालट बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही. चुनखडी आणि मॉलिब्डेटचा परिणाम मात्र खरा मानता येईल, कारण शेपटीच्या पानाचा ओल्या-कोरड्या वर्षाशी तसा संबंध नाही, आणि मे २०२४च्या तपासणीत मधल्या तुकड्याचा सामू ५.९ आला.

खरी परीक्षा २०२४ने घेतली. जुलैत पावसाने उसंत दिली नाही, आणि ऑक्टोबरमध्येही लावणीच्या तोंडावर सरी येत राहिल्या. कोबी त्या वर्षी विहिरीकडच्या तुकड्यात होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ईशान्येच्या कोपऱ्यात एका पानावर तो ओळखीचा पिवळा त्रिकोण दिसला. शेजारची दोन झाडेही तशीच होती. देठ कापून पाहिले, आत काळे कडे होते. तिन्ही झाडे मातीच्या गोळ्यासकट पिशवीत घालून बाहेर नेली आणि भोवतालच्या आठ झाडांना महिनाभर कोणी हात लावला नाही. मग कारण शोधू लागलो. बियाणे तेच, प्रक्रिया तीच, आणि रोग फक्त एका कोपऱ्यात. म्हणजे तो बियाण्यातून आला नसावा. तो कोपरा मधल्या तुकड्याच्या बांधाला लागून आहे. बांधावरचे गवत बाजूला सारले, तर आत मोहरीची पाच-सहा झाडे आपोआप उगवून शेंगांवर आली होती. ती कधीकाळी सांडलेल्या दाण्यांची, दोन पावसाळे कोणाच्याही नजरेला न पडता वाढलेली. त्यांतल्या दोघांच्या पानांवर तेच डाग होते. आम्ही तुकडे मोजले होते, बांध मोजले नव्हते.

उरलेला कोबी शेवटपर्यंत निरोगी राहिला. पाच हप्त्यांच्या नव्वद रोपांपैकी अठ्ठ्याहत्तर गड्डे मिळाले, आणि ओल्या वर्षातला हा आकडा मला आदल्या वर्षीच्या ब्याण्णवपेक्षा अधिक समाधान देतो.

त्यानंतर वहीत दोन नोंदी वाढल्या. पहिली अशी की दरवर्षी उत्तरा लागण्याआधी चारही बांध गवत कापून, चार पाकळ्यांच्या पिवळ्या फुलाचे रोप दिसेल ते मुळासकट उपटत, पायी फिरून पाहायचे. हे काम तिन्ही घरांनी वाटून घेतले आहे. दुसरी विहिरीकडच्या तुकड्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या चार सऱ्यांबद्दल आहे. चक्राप्रमाणे तिथे मोहरी कुळ २०२८ मध्ये परत यायचे होते. त्या चार सऱ्यांपुरते ते साल खोडून मी २०२९ केले आहे, आणि २०२८ला तेवढ्या जागेत कांदा लिहिला आहे.